गटारावरची चूल

जन्मभर मी लोकांच्या चुली मोजल्या. हुद्दा म्हणाल तर मुनसिपालटीत घरपट्टी कारकून, खिडकीशेजारचं मेज, आणि दुपारी ऊन अंगावर आलं की ते मेज सरकवायचा हक्क. गाव जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातलं, बाजाराचं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची मुलंनातवंडं अजून तिथंच राहतात आणि मला रोज त्यांच्या दारावरून जावं लागतं. ओळखणारे ओळखतील. त्यांनी मनात ठेवावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, घर मोजायला काय अक्कल लागते? चार भिंती, एक छप्पर, झालं घर. आमच्या खात्यात तसं नव्हतं. आमच्या खात्यात घर म्हणजे चूल. एका छपराखाली तीन भाऊ तीन चुलींवर रांधत असतील तर ती तीन घरं. आणि सबंध आळीभर पसरलेल्या वाड्यात सगळे एकाच चुलीवर जेवत असतील तर ते एक घर. घर तितक्या पट्ट्या. आणि पट्टी ज्याच्या नावानं लागली असेल त्यालाच मुनसिपालटीच्या निवडणुकीत मत. त्या काळी बायकांना मत नव्हतं, पुरुषांतही सरसकट नव्हतं. एक चूल, एक पट्टी, एक मत, असा सगळा हिशेब होता.

त्यामुळे माझ्या नोकरीत दोन ऋतू असत. आकारणीच्या दिवसांत गावातल्या चुली लपायच्या. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की वेगळे राहणारे भाऊ अचानक एका पाटावर बसायचे आणि एकमेकांना वाढायचे. निवडणूक जवळ आली की त्याच चुली उगवायच्या. एक गवळी होता. दर आकारणीला मला हाताला धरून आपल्या गोठ्यात न्यायचा आणि म्हणायचा, "बगा भाऊ, हितं माणूस ऱ्हाईल का? निस्ता गोठा हाय." मी गोठा म्हणून लिहायचो. निवडणूक आली आणि तोच गवळी कचेरीत येऊन रागानं म्हणाला, "आमी मानसं गोठ्यात ऱ्हातो व्हय? घर लिवा." मी गेलो तर म्हशी बाहेर बांधलेल्या, आणि आत तीन दगड मांडून वर कोरं पातेलं. पातेल्यात काहीच नव्हतं. म्हशी दारातून आत बघत होत्या.

चूल खरी की दिखाऊ हे ओळखायची माझी एक रीत होती. मी विचारायचोच नाही. ओट्यावर बसायचो, पाणी प्यायचो आणि म्हणायचो, "जरा चिमूटभर मीठ द्या, तोंड बेचव झालंय." चूल खरी असेल तर घरातली बाई न बघता हात मागं नेते आणि मीठ काढते. दिखाऊ असेल तर ती थबकते, इकडं तिकडं बघते, आणि मग पलीकडच्या दारी जाते. मिठावर माझी सगळी नोकरी चालली. सरकारला त्याचा पत्ता नव्हता.

आता गावचं राजकारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गावात दोन तट होते. एक वकिलांचा. बाबूराव वकील म्हणजे जुन्या गावठाणातले, उंच, बोलायला लागले की समोरच्याला आपणच चुकलो असं वाटायचं. दुसरा रतनशेठचा. रतनशेठचे आजोबा मारवाडातून आले, बाजारात कापडाचं दुकान टाकलं, आणि नातवाला मारवाडीपेक्षा मराठीत चिडवायला जास्त यायचं. मी त्यांच्या दुकानावरून गेलो की म्हणायचे, "काय कारकून, आज कुणाची चूल विझवली?"

गावाचे वॉर्ड फार जुने होते. ते पाडले तेव्हा साळीआळी भरलेली होती, दिवसभर मागांचा खटखटाट चालायचा. मग गिरणीचं कापड आलं, साळी मुंबईला गेले. त्यातच प्लेगाची वर्षं आली. दर वर्षी सगळं गाव माळावरच्या झोपड्यांत जायचं आणि साथ ओसरली की परत यायचं. पण दर वेळी थोडे लोक परत यायचेच नाहीत. काही वारले. काहींना माळावरची हवा मानवली, त्यांनी तिथंच कुडाच्या जागी विटा रचल्या. शिवाय वरच्या खोऱ्यातली माणसं, भात-नाचणी करणारी, हिरडा विकायला खाली यायची ती हळूहळू नाक्याजवळ राहू लागली. असं करता करता माळावर एक नवी पेठच झाली.

माणसं हलली, पण वॉर्ड जागच्या जागी. साळीआळीत निम्म्या घरांना कुलपं, तरी तिथून दोन मेंबर. ते दोन्ही वकिलांच्या तटाचे, आणि एकमेकांचे साडू. नव्या पेठेत माणसं दाटीनं राहत होती, त्यांना एकही मेंबर नाही आणि दिव्याचा एकही खांब नाही. शेवटी वरून हुकूम आला की वॉर्ड नव्यानं पाडा आणि ते लोकसंख्येच्या मानानं सारखे असू द्या. दोन्ही तटांची झोप उडाली. वॉर्डाची रेघ चार हात इकडं सरकली तर कुणाची खुर्ची जाईल हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

रेघ ठरवायला कमिटी गावातून पायी फिरली. पुढं वकील, बरोबर शेठ, मागं मी आणि घागर घेतलेला एक शिपाई. घागर कशाला ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

भांडण एकाच ठिकाणी अडलं. बाजारपेठ आणि साळीआळी यांच्यामधून पूर्वी एक गटार वाहायचं. पुढं त्यावर फरश्या पडल्या, आणि बाजाराकडच्या घरांनी आपापल्या मागच्या पडव्या त्या फरश्यांवरून पलीकडं नेल्या. शेठ म्हणाले, "गटार कधीच मेलंय. रेघ पलीकडच्या बोळातून घ्या." म्हणजे घरं पडव्यांसकट त्यांच्या वॉर्डात. वकील म्हणाले, "गटार जिवंत आहे, मुनसिपालटीच्या मालकीचं आहे, आणि हद्द तेच आहे." म्हणजे घरांची तोंडं शेठच्या वॉर्डात आणि पाठी वकिलांच्या. आधीच रिकाम्या झालेल्या साळीआळीला त्या पाठींचा फार आधार होता.

"जिवंत आहे हे कशावरून?" शेठनी विचारलं.

वकिलांनी शिपायाला वरच्या तोंडाशी उभं केलं आणि आम्हाला खाली देवळामागं नेलं, जिथं गटार बाहेर पडतं. मग हाक दिली. शिपायानं घागर ओतली. गावातली शहाणीसुरती माणसं गटाराच्या तोंडाकडं डोळे लावून उभी होती. बराच वेळ काहीच झालं नाही. शेठ मिशीत हसायला लागले. आणि मग पाणी आलं, काळंभोर, त्यात कुणाच्यातरी घरच्या भाताची शितं. वकिलांनी धोतराचा सोगा उचलला आणि तिथल्या तिथं ठराव सांगितला: सदरहू गटार चालू असून मुनसिपालटीच्या मालकीचं आहे, त्यावर कोणाचाही अडथळा असू नये. मी तो उभ्या उभ्या लिहून घेतला. शेठनीही सही केली. पाणी तर सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या गटारावर ज्यांची घरं होती त्यांत एक घर महादू आणि सखाराम या दोन भावांचं. त्यांचा तेलाचा घाणा होता. बैल एक, घाणा एक, चूल एक. मी बरीच वर्षं त्यांच्याकडूनच तेल नेत होतो. महादू थोरला, कमी बोलणारा, बैलामागं फिरून फिरून चालतानाही जरा वाकडा चालायचा. त्याची बायको पारूबाई, घर तिच्या तोंडावर चालायचं. सखाराम दहाबारा वर्षांनी लहान, महादूनंच वाढवलेला. त्याची बायको गंगू, आंबेगावच्या वरच्या खोऱ्यातली, डोंगरातली पोर. जावा जावा अशा राहायच्या की नवं माणूस त्यांना बहिणी समजायचं. एकीनं पीठ मळायला घ्यावं आणि दुसरीनं न विचारता तवा ठेवावा.

रेघ गटारावरूनच धरून वॉर्ड ठरले आणि वकील सखारामकडं गेले. म्हणाले, "तू वेगळी चूल कर. तुझी पडवी आमच्या वॉर्डात. पट्टी तुझ्या नावानं लागेल, मत तुझं तुला. निवडणूक झाली की पुन्हा एक व्हा, तुम्हाला कोण अडवतंय?"

सखाराम लोभी नव्हता. त्याच्या मनाला दुसरीच गोष्ट लागली. ती त्यानं मला पुढं घाण्यावर बसून सांगितली. "भाऊ, आजपत्तुर माजं नाव कुनी पुकारलं न्हाई. कचेरीत महादू. बाजारात महादूचा भाऊ. लग्नाच्या पंगतीत बी महादूच्या घरचं. येकडाव पुकारलं तर काय बिगडलं?"

महादूनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाटक तर हाय," तो म्हणाला, "हौस फिटू दे त्याची." चौघांनी मिळून ठरवलं. मधे गोणपाटाचा पडदा लावायचा, पडवीत चूल मांडायची, कारकून बघून गेला आणि मत देऊन झालं की पडदा काढायचा. सगळं हसतखेळत चाललं होतं.

घोटाळा झाला तो गंगूच्या नेमधर्मामुळं. ती ज्या खोऱ्यातली, तिथं कोऱ्या चुलीवर भाकरी थापत नाहीत. चूल घातली की ती पुजायची, आळीतल्या सवाष्णींना बोलवून हळदकुंकू लावायचं, वर दूध उतू घालायचं, पहिला नैवेद्य दाखवायचा, मग त्या चुलीचं अन्न पोटात घ्यायचं. वकिलांनी बाहेरून ऐकलं तेव्हा म्हणाले, "अगं, दाखवायची चूल आहे. एवढं कशाला?" ती म्हणाली, "दाखवायची असली तरी आग खरी हाय न्हवं?"

मी पाहणीला गेलो तेव्हा चुलीला कुंकवाची बोटं होती आणि उतू गेलेल्या दुधाचा वास पडवीभर भरला होता. पडवीत सपाट जागा एकच, गटाराची फरशी, म्हणून चूल तिच्यावर. मी बसलो, पाणी प्यालो, मीठ मागितलं. गंगूनं न बघता हात मागं नेला आणि मीठ दिलं. दिखाऊ चुलीपाशी हे व्हायला नको होतं, पण मी काय लिहिणार? चूल होती, पेटलेली होती, मीठ होतं. मी 'स्वतंत्र' असं लिहिलं.

निवडणूक झाली. मत गुप्त वगैरे नव्हतं. मतदारानं मेजापुढं यायचं, उमेदवाराचं नाव सांगायचं, आम्ही लिहायचं. साळीआळीच्या मेजावर मीच होतो. मी पुकारलं, "सखाराम वल्द विठोबा." सखाराम धुतलेला सदरा घालून आला, वकिलांचं नाव सांगितलं आणि तिथंच उभा राहिला. इकडं तिकडं बघत होता. महादूचं मत बाजारातल्या मेजावर, तो तिकडं गेलेला. आपलं नाव पुकारलेलं ऐकायला घरचं कुणी नाही हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं. मला म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तो गेला.

वकील आले निवडून, मागच्या पडव्यांच्या जिवावर. बाजारातून शेठ आले. नव्या पेठेची गंमत वेगळीच. तिथले लोक आपल्या दुकानातून उधारीवर कापड नेतात म्हणून शेठना ती जागा खिशात वाटत होती, आणि त्यांचे दाखलेअर्ज आपण लिहून देतो म्हणून वकिलांना. दोघं गटारावर भांडत बसले आणि पेठेनं हिरडा तोलणाऱ्या एका डोंगरवाल्याला निवडून दिलं. पहिल्या सभेत तो जमिनीवरच बसला. खुर्ची दिली तर म्हणाला, "आदी दिव्याचा खांब बोला, मंग बसतो." खांब मिळाला. रेघा बदलल्या की आपलं वजन वाढेल असं दोन्ही तटांना वाटत होतं, आणि वजन तिसऱ्याचंच वाढलं. शेठ नंतर मला म्हणाले, "कारकून, आम्ही दोघं मापं धरून बसलो आणि माल तिसरा घेऊन गेला."

निवडणूक झाली, आता पडदा काढायचा. महादूनं गोणपाटाला हात घातला तर पारूबाई म्हणाली, "आनि चूल?"

सगळे थांबले. आमच्याकडचा समज असा की पुजलेली चूल घरच्या माणसानं मोडायची नाही. मोडली तर घरातलं माणूस जातं. खचली तर लिंपतात, पुन्हा घालतात, पण विझवून उखडून टाकत नाहीत. आणि चूल आहे तोवर तिच्यावर रोज काहीतरी शिजायला हवं. नाटक एवढं नीट वठलं होतं की त्यातून बाहेर यायला दारच नव्हतं. कुणीतरी पोथीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "पूजा खरी झाली ना? मग वेगळे झालात." आळीतल्या सवाष्णी हळदकुंकू घेऊन गेल्या होत्या, त्यांनी तर कधीच तसं धरलं होतं.

मग जे खोट्यानं मांडलं होतं ते खऱ्यानं बसत गेलं. दोन चुली म्हणून दोन सरपणाचे ढीग. दोन ढीग म्हणून बैलाचे वार वाटले, एक दिवस महादूचा, एक दिवस सखारामचा. पोळ्याला बैलापुढं दोन नैवेद्य आले. त्यानं दोन्ही खाल्ले. त्या घरात फायदा झालेला तो एकटाच. महादू आधीच कमी बोलायचा, आता घाण्याचाच आवाज यायचा. सखारामनं मला तेल मोजून देताना विचारलं, "माजं नाव काडता येतं का भाऊ?" मी म्हटलं, चूल आहे तोवर नाव राहणार. तो कायदा होता आणि तो सांगणं माझं काम. पण त्या दिवशी तेल घेऊन घरी येताना मला नोकरीचा वैताग आला होता, हे खरं.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी कचेरीत गंगू आली. बाई माणूस एकटं कचेरीत येणं तेव्हा सोपं नव्हतं. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती दाराशी उभी राहिली. मी बाहेर गेलो.

"भाऊ, तक्रार लिवायची हाय."

"कुणाबद्दल?"

"माज्याबद्दल."

मला काही कळेना. ती सांगू लागली. चूल फरशीवर आहे. फरशीच्या फटीतून राख रोज खाली गटारात पडते. देवळामागं पाणी तुंबलंय, वास येतो, लोक शिव्या देतात. "ती माजी राख हाय," ती म्हणाली. "मी बगितलंय. लिवा."

"अगं, पण तुझ्याविरुद्ध तूच?"

मग ती रडली. म्हणाली, "काल थोरल्या जावबाईनी वाटीत भाजी धाडली. झाकून धाडली, भाऊ. शेजारनीला देत्यात तशी." घरातल्या घरात कुणी वाटी झाकत नाही, हे तिला पुढं सांगायची गरज नव्हती. डोळे पुसून ती म्हणाली, "आमाला मोडता येत न्हाई. घरच्यानी मोडली तर दोस हाय. सरकारानी मोडली तर कुनाला दोस? तुमी मोडा."

सगळ्या नोकरीत माझ्याकडं तक्रारी आल्या त्या दुसऱ्यांविरुद्ध. स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन आलेली ही एकच. मी तिची तक्रार शब्दाला शब्द लिहून घेतली आणि तिचा अंगठा घेतला.

पण नोटीस काढायला गटार कमिटीच्या चेअरमनची सही लागायची, आणि चेअरमन बाबूराव वकील. त्या पडवीतलं मत पुढच्या खेपेलाही त्यांना हवं होतं. मी कागद पुढं ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "चूल छोटी आहे. राखेनं काय तुंबतंय? राहू दे."

मी भांडलो नाही. भांडणारा कारकून फार दिवस टिकत नाही. मी फक्त विचारलं की मग या कागदावर शेरा काय लिहू, कारण गटार चालू आहे आणि त्यावर अडथळा नको असा आपलाच ठराव आहे. नुसतं एवढं म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांना ती घागर आठवली असावी, कारण ते एकदम हसले, मोठ्यानं.

"म्हणजे मी ओतलेलं पाणी माझ्याच धोतरावर आलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि सही केली. सही करताना विचारलं, "बाई स्वतः आली होती?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "मोडायच्या आधी निरोप दे त्यांना. आग नीट काढून घेऊ दे." वकिलांचं माझं फारसं कधी जमलं नाही, पण त्या वाक्यासाठी मी त्यांना बाकीचं पुष्कळ माफ केलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बिगारी घेऊन गेलो. आळी जमली होती. मी नोटीस मोठ्यानं वाचली, कारण ती सगळ्यांनी ऐकायला हवी होती: मुनसिपालटी मोडते आहे, घरचं कुणी नाही. गंगूनं चुलीतले निखारे चिमट्यानं एकेक उचलून मडक्यात घेतले. पडद्यापर्यंत आली आणि अडखळली. पलीकडून पारूबाईनं गोणपाट ओढून खाली पाडला, तिच्या हातातलं मडकं घेतलं आणि निखारे थोरल्या चुलीत ओतले. आग विझलीच नाही, नुसती घरातल्या घरात इकडची तिकडं गेली. पारूबाई पीठ मळायला बसली आणि गंगूनं तवा ठेवला.

बिगाऱ्यांनी फरशीवरची माती काढली. मी मुद्दाम ओट्यावर बसून राहिलो. महादूनं गुळाचा खडा आणून हातावर ठेवला. किती दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला होता. ते हायसं वाटणं मला आजही आठवतं, बढती मिळाली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

पण मी उठताना सखाराम दारात उभा होता. तोही मोकळा झालेला दिसत होता, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी राहिलेलं. चूल गेली म्हणजे पट्टी गेली, पट्टी गेली म्हणजे नाव गेलं. त्याला ते माहीत होतं.

महादू माझ्याबरोबर आळीच्या टोकापर्यंत आला. वाकडा चालत. तिथं थांबून म्हणाला, "भाऊ, घराची पट्टी धाकट्याच्या नावानं लावा."

"मग तुझं मत जाईल."

"जाऊ दे. माजं नाव लई डाव पुकारलंय. त्येच्यात काय ऐकायचं ऱ्हायलंय?"

मी तसं लावलं. रीतसर अर्ज, दोघांचे अंगठे, काही लपवाछपवी नाही. शेठ आणि वकील दोघांनीही मला विचारलं की आता हे घर कुणाच्या बाजूचं. मी सांगितलं की चूल बाजाराकडं आहे, एवढंच मला माहीत.

पुढची निवडणूक आली तेव्हा मी बाजारातल्या मेजावर होतो. चावडीचं अंगण भरलेलं. माणसं बोलत होती, तंबाखू मळत होती. मागं भिंतीपाशी महादू उभा होता, मत नसताना आलेला. चावडीबाहेर समोरच्या ओट्यावर पारूबाई आणि गंगू पाट्या घेऊन बसल्या होत्या, बाजाराला निघाल्यासारख्या, पण बाजाराकडं जात नव्हत्या.

मी पुकारलं, "सखाराम वल्द विठोबा."

सखाराम पुढं आला. तो बोलणार तेवढ्यात मागून महादूचा आवाज आला.

"भाऊ, परत येकडाव पुकारा. मागं ऐकू आलं न्हाई."

महादूचे कान चांगले होते. मी उभा राहिलो आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, पुकारलं.